‘चालू आहे’ म्हणालास ते पाच दिवस

कवळे, फोंडा
श्रावणातला पहिला आयतार

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

पार्सल उघडलंस की आधी सोलांची पिशवी बाहेर काढ. सोलं मे महिन्यातली आहेत, चांगली कडक वाळलेली, पण प्रवासात दमट झाली असतील तर वर्तमानपत्रावर पसरून पंख्याखाली ठेव. तिरफळं वेगळ्या डबीत आहेत. पातोळ्या आज दुपारच्या. त्या रात्र बसमध्ये काढतील, तेव्हा सकाळीच खाऊन टाक. तुझ्या खोलीतल्या मुलालाही दे आणि हळदीचं पान कसं सोडवायचं ते त्याला दाखव.

काल रात्री पुण्याहून फोन करून तू सॉफ्टवेअरच्या नोकरीबद्दल म्हणालास, "आई, मला वाटतं मी या कामाचा नाही." मी काही बोलणार तोच "बरं, झोपतो" म्हणून फोन ठेवलास. आवाजावरून कळलं की तुला झोप लागायची नाही. मलाही लागली नाही. परत फोन केला असता तर "काही नाही गं, ठीक आहे" म्हणाला असतास, म्हणून पूजा आटोपून हा कागद घेऊन बसले. घरात आपण कोकणीत बोलतो, पण लिहायला घेतलं की माझ्या हातून मराठीच उतरते. तुझ्या आजोबांचंही तसंच होतं. बसवाल्याकडे पार्सल सातला पोचवायचंय. तोवरचा वेळ तुझ्यासाठी.

तू जे सांगितलंस ते मी नीट ऐकलं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेचे पहाटेचे काही व्यवहार रिपोर्टमध्ये मागच्या महिन्यात मोजले जातात, ते दुरुस्त करायचं तिकीट, म्हणजे काम, तुला मिळालं. सोमवारी घेतलंस. रोज सकाळी टीमच्या छोट्या मीटिंगमध्ये, स्टँडअपमध्ये, "चालू आहे, आज होईल" म्हणालास. शुक्रवारी तुझ्या टीमच्या लीडने सगळ्यांसमोर विचारलं, पाच दिवस काय केलंस? आणि मग त्याने दहा मिनिटांत दाखवून दिलं की कुठे काय आहे. तुला लागलं ते या दहा मिनिटांचं. जे त्याला दहा मिनिटांत आलं ते आपल्याला पाच दिवसांत आलं नाही, म्हणजे आपल्यात काहीतरी कमी आहे, असं तू धरून बसला आहेस.

बाबू, त्याला ते दहा मिनिटांत सुचलेलं नाही. त्याला ते आधीच ठाऊक होतं. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतं, आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. आपल्याकडे १ तारखेचे पहाटेचे दोन वाजलेले असतात तेव्हा सर्व्हरवर आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेआठ. एवढं तूही दुसऱ्या दिवशी ओळखलंस, तूच म्हणालास. अडलास ते पुढे. एका टेबलात वेळ यूटीसीत ठेवली आहे, दुसऱ्यात आपल्या वेळेत, आणि २०१९ साली कुणीतरी मध्येच एका ठिकाणी साडेपाच तास हाताने मिळवून ठेवले आहेत. तू एक रिपोर्ट सरळ केलास की दुसरा वाकडा होत होता. हे कुठल्याही पुस्तकात नसतं आणि कॉलेजात शिकवता येत नाही. ते फक्त त्या घरात राहिलेल्या माणसाला माहीत असतं, जसं आपल्या मागच्या दाराची कडी आधी वर उचलून मग ओढायची हे आपल्यालाच माहीत.

मला खरी काळजी वाटली ती तू नंतर बोललास त्याची. पाचही दिवस तू एआयला विचारत होतास. का, तर "तो हसत नाही." मीसुद्धा रोज वापरते ते, त्यात काही वाईट नाही. अनोळखी लायब्ररी समजून घ्यायला, चाचण्यांचा सांगाडा उभा करायला त्याचा फार उपयोग होतो. पण तुमच्याकडे २०१९ साली ते साडेपाच तास कुणी, कुणाच्या सांगण्यावरून आणि कुठल्या घाईत मिळवले, हे त्याला ठाऊक असण्याचं कारणच नाही. ते तीन खुर्च्या सोडून बसलेल्या माणसाला ठाऊक होतं. तिथवर जायला तुला पाच दिवस लागले. मुळात तू गेलाच नाहीस, तो आला.

आता माझी एक गोष्ट सांगते. बाबांना अर्धीच माहीत आहे.

तू पावणेदोन वर्षांचा होतास. मी पणजीला एका लहान ऑफिसात होते. आम्ही चौघंच होतो आणि हॉटेलांसाठी बुकिंगचं सॉफ्टवेअर करत होतो. परदेशातल्या एजन्सीकडून बुकिंगची फाइल ईमेलने यायची, ती वाचून हॉटेलच्या यादीत भरणारा प्रोग्रॅम माझा. नोव्हेंबरात एका नव्या अमेरिकन एजन्सीची फाइल आली. त्यांच्याकडे आधी महिना लिहितात, मग दिवस. मला ते कळलं नाही, आणि विचारायचं सुचलं नाही. काही तारखांवर प्रोग्रॅम अडला, कारण १२/१८ मध्ये अठरावा महिना कुठून आणणार? मी त्यात दोन ओळी घातल्या: महिना बारापेक्षा मोठा आला तर आकडे उलटे कर. प्रोग्रॅम गप्प झाला. मला वाटलं, झालं.

नंतर मी कागदावर मांडून पाहिलं, तो हिशोब अजून पाठ आहे. वर्षातल्या ३६५ तारखांपैकी २२१ तारखांत दिवस बाराच्या पुढचा असतो. त्या उलट वाचल्या तर प्रोग्रॅम ओरडतो. उरल्या १४४. त्यातल्या १२ तारखांत दिवस आणि महिना एकच, त्या उलट वाचल्या तरी सुलट. राहिल्या १३२. या १३२ तारखा चुकीच्या वाचल्या जातात आणि कुठेही काही वाजत नाही. ओरडणाऱ्या चुकांची तोंडं मी बंद केली होती, आणि गप्प बसणाऱ्या चुका तशाच आत गेल्या.

३ डिसेंबर २००४, शुक्रवार. जुन्या गोव्याचं फेस्त, सरकारी सुट्टी. शिवाय ते दहा वर्षांनी येणारं सेंट झेवियरच्या शवप्रदर्शनाचं वर्ष होतं, त्यामुळे गोव्यात खोली म्हणून कुठे मिळत नव्हती. सीझन होता म्हणून आमचं ऑफिस उघडं होतं, आणि ऑफिसात मी एकटी. दुपारी चारला बार्देशच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलातून रिसेप्शनवरच्या मुलाचा फोन आला. सहज विचारत होता: "मॅडम, पंधरा दिवसांपूर्वी आलेल्या यादीत गेल्या मार्चचं बुकिंग कसं काय? १२ मार्च २००४ लिहिलंय."

मला एका मिनिटात उमगलं. फाइलमध्ये होतं १२/०३/२००४. म्हणजे ३ डिसेंबर. म्हणजे आज.

मी त्याला म्हणाले, "बघते, दिसण्यात काहीतरी गडबड असेल." फोन ठेवला. हात गार पडले होते. त्या महिन्यात दोनदा तू तापाने फणफणला होतास, मी दोनदा लवकर घरी गेले होते, आणि माझ्या पाठीमागे "लहान मूल असलं की लक्ष राहत नाही" हे बोलून झालं होतं. बाळंतपणाची रजा तेव्हा कायद्याने १२ आठवड्यांची असे, ती २६ आठवडे झाली २०१७ साली. ती रजा संपवून परत आल्यापासून मी प्रत्येक दिवशी जणू परीक्षा देत होते. त्यात ही चूक कळली तर तिचं खापर तुझ्यावर फुटेल, असं मला वाटलं. अगदी हेच वाटलं. म्हणून मी ऑफिसातल्या मशीनवर तारखा गुपचूप दुरुस्त केल्या, पर्स उचलली आणि कदंबची बस पकडून फोंड्याला आले. दुरुस्त यादी हॉटेलला सकाळी जायची होती. एका रात्रीत काय होतं, असं स्वतःला सांगत राहिले.

त्या रात्री अकराला दाबोळी विमानतळावरून एक कुटुंब हॉटेलवर पोचलं. नवरा, बायको आणि चार-पाच वर्षांची मुलगी. यादीत त्यांचं नाव नव्हतं. संध्याकाळी सहापर्यंत एक खोली रिकामी होती, ती फेस्ताला आलेल्या कुणाला तरी दिली गेली. आसपास कुठे जागा नाही. ती मुलगी रिसेप्शनच्या सोफ्यावर झोपली. रात्री दोनला मालकाने त्यांना स्वतःच्या घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या साहेबांना सगळं सांगितलं. ते रागावतील म्हणून तयारीत होते. तारीख उलटी वाचली त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "चारला कळलं होतं ना? सहापर्यंत खोली रिकामी होती. मला फोन का नाही केला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही त्या मुलीचा विचार येतो तेव्हा मला तारखांचं काही वाटत नाही, त्या दोन तासांचं वाटतं.

तुझ्या पाच दिवसांत कुणाची मुलगी सोफ्यावर झोपली नाही, हे मला माहीत आहे. पण "चालू आहे" हे तुझे शब्द आणि "दिसण्यात गडबड असेल" हे माझे शब्द एकाच जागेवरून आलेले आहेत, म्हणून ओळखले.

त्याआधी मला एक चांगला माणूस भेटला होता, आणि तरीही मी असं वागले, याचं जास्त वाईट वाटतं. १९९८ साली फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पास होऊन मी मुंबईला गेले. कोकण रेल्वे त्याच वर्षी पूर्ण सुरू झाली होती, मडगावला गाडीत बसले तेव्हा आजी स्टेशनवर फार रडली. काम होतं वायटूकेचं. जुन्या कोबोल प्रोग्रॅममध्ये वर्ष दोनच आकड्यांत लिहिलेलं, ९८, ९९, आणि पुढे ००, म्हणजे १९०० की २०००? हजारो ओळी वाचत जायचं आणि जिथे वर्ष दिसेल तिथे ठरवायचं: आकडा पन्नासच्या आत असेल तर २००० चं शतक धर, नाहीतर १९०० चं. आमचे सीनियर रोज संध्याकाळी टेबलाशी यायचे. "आज किती झालं" असं त्यांनी कधी विचारलं नाही. विचारायचे, "आज काय कळलं नाही?" एकदा मी सांगितलं की २००० हे लीप वर्ष आहे की नाही तेच मला ठाऊक नाही, कारण शंभरने भाग जाणारं वर्ष लीप नसतं असं शाळेत शिकले होते. ते हसले नाहीत. चारशेने भाग गेला तर असतं, म्हणाले, आणि त्याच दिवशी आम्ही दोघांनी मिळून शोधलं, तर शाळेतला अर्धाच नियम पाळणारे चार प्रोग्रॅम सापडले. मी विचारलं नसतं तर ते २९ फेब्रुवारीला सापडले असते.

तुमच्या स्टँडअपमध्येही तिसरा प्रश्न हाच असतो ना, काही अडलंय का? आणि सगळे ओळीने "नो ब्लॉकर्स" म्हणत जातात. मी आता दहा जणांची टीम सांभाळते. नवीन मूल तीन दिवस ओळीने "नो ब्लॉकर्स" म्हणालं की मीच त्याला फोन लावते. पण प्रत्येक लीड लावेलच असं नाही, त्यालाही त्याची तिकिटं असतात. तुझ्या बाजूने सुरुवात तूच कर.

कसं, ते सांगते. एक तास स्वतः झगड. तास झाला आणि पुढे सरकलं नाही की लिहायला घे: मला काय करायचंय, काय काय करून पाहिलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. एररचा मजकूर जसाच्या तसा चिकटव, मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो नको, त्यातून कुणाला काही शोधता येत नाही. अर्ध्या वेळा लिहिता लिहिताच उत्तर सापडेल. काही लोक यासाठी टेबलावर रबराचं बदक ठेवतात आणि त्याला समजावून सांगतात. मला बदक लागलं नाही, माझ्यासाठी आजी होती. ती आदोळीवर नारळ खवत असायची, मी समोर बसून सांगायची की ही यादी इथून येते, इथे चाळली जाते, मग तिथे जाते. आजी मध्येच म्हणायची, "आणि रिकामी आली तर?" तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण रिकाम्या भांड्याचा विचार ती आधी करायची. माझ्या किती चुका तिने धरल्या असतील, मोजल्या नाहीत. तरीही नाही सापडलं तर लिहिलेलं तसंच लीडला पाठव. त्याचीही मग वीस मिनिटं वाचतात.

इंग्रजीची भीती आहे, हेही मला कळतं. चौथीपर्यंत तू आपल्या मराठी शाळेत होतास, मीटिंगमध्ये वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे जातो, असं तू जूनमध्येच म्हणाला होतास. अरे, तुझा लीड मराठी आहे ना! चहाला जाताना मराठीत विचार. गोव्याचं मराठी वेगळं वाटतं म्हणून कुणी दोन दिवस बोलेल, तिसऱ्या दिवशी विसरेल. लिहिताना मात्र इंग्रजीतच लिही, लहान वाक्यं लिही. लिहिण्यात घाई नसते, म्हणून ते लवकर सुधारतं.

दुसरं म्हणजे तुझ्या पुल रिक्वेस्टवरच्या, म्हणजे तपासायला टाकलेल्या कोडवरच्या ३१ कॉमेंट. तू म्हणालास, "सगळ्यांनी फाडून काढलं." मला ते वाचून दाखवलेस त्यातल्या निम्म्या नावं बदलण्याच्या होत्या, सात-आठ चाचण्यांच्या, आणि दोन खरोखर मोलाच्या. ज्याने ती यादी पुन्हा पुन्हा डेटाबेसमधून आणू नकोस म्हणून लिहिलं, त्याने तुझा कोड ओळ न् ओळ वाचला आहे. पणजीला माझा कोड कुणी वाचला असता तर १२/०३ त्याच दिवशी सापडलं असतं. तेव्हा आमच्याकडे रिव्ह्यू नावाची गोष्ट नव्हती, कोडमधले बदल जपून ठेवणारं गिटही नव्हतं. ते लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली लिहिलं. आम्ही शेअर्ड फोल्डरमध्ये फाइलला तारीख जोडून ठेवायचो आणि एकमेकांच्या फाइली पुसायचो. आता गिट ब्लेम मारलं की कुठली ओळ कुणी कधी लिहिली ते दिसतं. त्याचं नाव वाईट ठेवलंय, पण त्याचा उपयोग विचारायला कुणाकडे जायचं ते कळण्यासाठी कर. ते २०१९ चे साडेपाच तास कुणी मिळवले हे सोमवारीच दिसलं असतं.

बाबू, तू बारावीत असताना उत्सवाच्या नाटकात काम केलं होतंस. तिसऱ्या अंकात तुझं लांबलचक भाषण होतं आणि मध्येच अडखळलास. बाबा नेहमीसारखे विंगेत चोपडी घेऊन उभे होते, गेली वीस वर्षं तेच उभे राहतात. तू मान थोडी वळवलीस, त्यांनी दोन शब्द दिले, तू ते उचललेस आणि पुढे गेलास. दुसऱ्या दिवशी अख्खा वाडा तुझ्या भाषणाचं कौतुक करत होता. गावात कुणी विंगेकडे बघणाऱ्याला नट नाही म्हणत नाही. उलट बाबा सांगतात, ज्याला पाठांतराचा फार ताठा असतो आणि जो वळून बघत नाही, त्याच्यापुढे प्रॉम्प्टरचंही काही चालत नाही. तो गप्प उभा राहतो आणि सगळं नाटक त्याच्यासाठी थांबतं. हे तुला येतं, तू केलेलं आहेस. पुण्यात फक्त विंग कुठल्या बाजूला आहे ते शोधायचंय.

तो तिसरा अंक मी पाहिलेला नाही. तुला हे कधी सांगितलं नाही. नाटक संपल्यावर मी समोर उभी होते म्हणून तू धरून चाललास की मी पाहिला. त्या रात्री ऑन-कॉलची, म्हणजे काही बंद पडलं तर लगेच बघायची पाळी माझी होती. दुसऱ्या अंकाच्या शेवटी फोन वाजला. अमेरिकेत दुपार होती आणि पैसे भरायचं पान बंद पडलं होतं. देवळामागे आपल्या गाडीत लॅपटॉप मांडीवर घेऊन मी बसले होते, आणि कर्ण्यातून तुझा आवाज येत होता, पण शब्द लागत नव्हते. अडखळलास तेव्हाची ती शांतता मी ऐकली. नंतर टीममधला एक जण म्हणाला, "आधी सांगायचं ना, मी पाळी बदलून घेतली असती." महिनाभर आधी ठाऊक होतं मला नाटक कधी आहे. मी मागितलंच नव्हतं. अडचण सांगायला शिकले, पण आपल्यासाठी काही मागणं मला त्याहून उशिरा आलं.

मात्र तौक्ते वादळाच्या वेळी मी बरोबर वागले, तेही सांगते. १६ मे २०२१. तुला आठवत असेल, मागचा फणस रस्त्यावर आडवा पडला होता, दिवे गेले ते तीन दिवस आले नाहीत, इन्व्हर्टर पहिल्याच रात्री संपला. सोमवारी सकाळी मी छत्री घेऊन देवळापर्यंत चालत गेले, तिथे मोबाइलला दोन कांड्या मिळाल्या. लीडला सांगितलं, किती दिवस नसेन ते सांगता येत नाही, अमुक काम निम्म्यावर आहे, फाइल तमुक जागी आहे, उरलेलं असं असं आहे. चार मिनिटांचा फोन. परत आले तेव्हा काम झालेलं होतं आणि कुणाच्या कपाळावर आठी नव्हती.

अमेरिकेच्या क्लायंटबरोबरच्या कॉलची तुला अजून सवय नाही. आत्ता साडेसातला असतो तो नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर साडेआठला जाईल, कारण त्यांची घड्याळं एक तास मागे होतात आणि आपली होत नाहीत. मार्चच्या दुसऱ्या रविवारी परत साडेसात. तुझी मेस नऊला बंद होते म्हणालास, तर आधी जेवून घे. कॉलनंतर बिस्किटांवर झोपू नकोस. हिंजवडीच्या त्या ट्रॅफिकमध्ये रोज जाऊन येऊन दोन तास जात असतील तर दोन दिवस घरून काम करायची परवानगी आहे का, तेही विचार.

पगाराची स्लिप पाठवली होतीस, बाबांनी पाहिली. सीटीसीचा, म्हणजे कंपनीच्या तुझ्यावरच्या एकूण खर्चाचा आकडा आणि हातात येणारा आकडा यातला फरक बघून घाबरू नकोस. मूळ पगाराच्या १२ टक्के तुझ्याकडून पीएफला जातात, तेवढेच कंपनी घालते आणि तेही सीटीसीत धरलेले असतात. ग्रॅच्युइटी म्हणून ४.८१ टक्के दाखवले आहेत, ते दर महिन्याला मिळत नाहीत. कायम नोकरीत साधारण पाच वर्षं झाल्यावर सोडताना मिळतात. पीएफचा यूएएन नंबर लिहून ठेव, नोकरी बदलली तरी तोच राहतो. नेमणूकपत्रातला नोटीस पीरियड वाच. ९० दिवस असेल तर ते आत्ता माहीत असलेलं बरं.

आता गणेशचवथीचं. महिन्यावर आली आहे. तुमच्याकडे एकाच दिवसाची सुट्टी दिसते, आपल्याला तेवढी पुरायची नाही. तू गेल्या आठवड्यात म्हणालास, "बघतो, रिलीज आहे, मागायला कसंतरी वाटतं." उद्या सोमवार आहे. स्टँडअप झाल्यावर लीडकडे जा आणि सांग की चवथीला मला घरी जायचंय, चार दिवस हवेत, रिलीजचं माझं काम मी आधीच्या बुधवारपर्यंत देतो, आणि नाही झालं तर त्या आठवड्यातल्या सोमवारीच सांगतो. गोव्याच्या माणसाला चवथीला घर म्हणजे काय असतं हे त्याला ठाऊक नसेल तर तेही सांग. तो नाही म्हणाला तर नाही म्हणाला. पण त्याला ते उद्याच कळू दे, आदल्या गुरुवारी नको. त्या आठवड्यात पुण्याहून येणाऱ्या बसला जागा मिळत नाही, म्हणून हो-नाही काय ते उद्याच कळव, बाबा लगेच तिकीट काढतील.

गणपतीच्या वर फळं-पानं टांगायच्या माटोळीची लाकडी चौकट बाबांनी काल खाली उतरवली. एका कोपऱ्याला वाळवी लागली आहे, सुताराला सांगितलंय. बाबांना यंदा खांदा दुखतोय, वर चढून नारळाचा घड बांधायला तू लागशील. पण ते लीडला सांगायची गरज नाही, मला सांगावंसं वाटलं एवढंच.

पावणेसात झाले. पार्सलला गाठ मारते. डबा परत आण, आजीचा आहे.

तुझी
आई